अंथरुणाच्या मोहाविषयी भाचीस पत्र

वाई,
मार्गशीर्ष शु. पंचमी

चि. सौ. छबूस,

तुझी शस्त्रक्रिया निर्विघ्नपणे पार पडली, जन्मापासून आपल्या जागी कधी नीट न बसलेला तो डावा खुबा काढून त्याच्या ठिकाणी नवा गोळा आणि नवी वाटी बसली, आणि तू आता चहा मागू लागली आहेस, हे वर्तमान जावईबापूंकडून कळले. शल्यविशारदांनी आपले काम चोख बजावले याबद्दल माझ्या मनात संशय नाही. परंतु मामलेदार कचेरीत उभा जन्म घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की हुकूम सुटणे वेगळे आणि त्याची अंमलबजावणी होणे वेगळे. तुझ्या बाबतीत हुकूम सुटला आहे. अंमलबजावणी तुझ्याकडे आहे, ती काही महिने चालेल, आणि तिच्यात सर्वांत मोठी हरकत कोण घेईल म्हणशील, तर ज्यांचा तुझ्यावर अत्यंत जीव आहे अशी तुझीच माणसे.

हे वाचून तुला राग येईल, म्हणून विस्ताराने लिहितो. आपल्याकडे दुखणाइताविषयीची माया व्यक्त करण्याची एकच रीत रूढ आहे, आणि ती म्हणजे त्याला जागचे हलू न देणे. ‘उठू नकोस, मी देते’, ‘एवढं मोठं ऑपरेशन झालंय, महिनाभर तरी पाठ टेकायला हवी’, ‘त्या पोरसवदा फिजिओथेरपिस्टला काय कळतंय’, अशी वाक्ये तुझ्या उशाशी दिवसभर उच्चारली जात असतील याची मला खात्री आहे. आणि जिने आजवर साऱ्या घराचे उभ्याने केले, तिला ती गोड लागावीत यातही काही नवल नाही. परंतु ज्या अंथरुणाला आपण विश्रांतीचे स्थान समजतो, ते मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शरीराची किती खराबी करते, हे वैद्यकातल्या थोर माणसांनीही फार उशिरा मान्य केले. १९४७ साली लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर नावाच्या वैद्याने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बिछान्यात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक लहानसा निबंध लिहिला. फुप्फुसे, रक्तवाहिन्या, कातडी, स्नायू, हाडे, मूत्राशय, आतडी आणि सरतेशेवटी मन, असे एकेक दप्तर उघडून त्याने निपचित पडण्याने प्रत्येकाचे काय नुकसान होते याचा असा काही पंचनामा केला आहे, की तो वाचल्यावर निरोगी मनुष्यसुद्धा दुपारची वामकुक्षी आवरती घेईल. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर रोग्याला आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवण्याचा शिरस्ता होता. आज तुला दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभे केले, ते रुग्णालयाला खाट रिकामी करण्याची घाई होती म्हणून नव्हे.

तेव्हा माझे पहिले सांगणे असे, की खाटेवर आहेस तोवरही स्वस्थ पडू नकोस. पायाचे चवडे दर तासाला काही वेळ वर-खाली ओढण्याचा जो व्यायाम तुला सांगितला आहे, तो इतका क्षुल्लक दिसतो की माणूस त्याची टाळाटाळ करतो. पण त्याचे प्रयोजन क्षुल्लक नाही. शिरांतले रक्त हृदयाकडे वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू आकुंचन पावून करतात, आणि ते स्नायू निजून राहिले, त्यातच शस्त्रक्रियेमुळे रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असली, म्हणजे खोल शिरांत गाठ धरते. अशी गाठ सुटून प्रवाहाबरोबर फुप्फुसात जाऊन अडकते, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकात व्हिर्खो या जर्मन पंडिताने सिद्ध केली. पोटाच्या कातडीत तुला जी बारीक सुई रोज टोचली जाते, जिच्यामुळे निळसर डाग उठले म्हणून तू तक्रार केलीस, ती याच गाठींचा बंदोबस्त आहे. डाग जातील, सुई चुकवू नकोस. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा कारण नसताना धाप लागली, तर सकाळच्या राउंडची वाट न पाहता तत्क्षणी सिस्टरला सांगायचे. आणि येथे एक ताकीद, जी तुझ्या सासूबाईंना वाचून दाखवलीस तरी चालेल: कोणी कितीही प्रेमाने नारायण तेलाची बाटली घेऊन आले, कोणी गावच्या हाडवैद्याची थोरवी गायली, तरी त्या पायाला मालीश होऊ द्यायचे नाही. शिरेत गाठ असेल तर ती चोळण्याने काय होईल, हे वर लिहिलेच आहे.

तीन रंगीत गोळ्यांचे ते प्लॅस्टिकचे यंत्र नातवंडांना खेळायला देऊ नकोस. नळी तोंडात धरून श्वास सावकाश आत ओढायचा आणि गोळे वर तोलून धरायचे. जोराने फुंकून गोळे नाचवायचे नाहीत. निजून निजून फुप्फुसांचे तळचे भाग मिटून जातात, तेथे कफ साचतो, ताप चढतो, आणि खुबा उत्तम बसूनही रोगी न्यूमोनियाने हैराण होतो.

आता जरा नाजूक विषय काढतो. मामाने भाचीला असे लिहावे काय, हा संकोच मी बाजूला ठेवला आहे, कारण तुझी आई असती तर तिने हे प्रथम लिहिले असते. जावईबापू म्हणाले, की तू पाणी अगदी घोटभर पितेस. त्याचे कारण मला न सांगता समजले. पाणी प्यायले की बेडपॅन मागावे लागते, बेडपॅन मागितले की वॉर्डातल्या मावशीला हाक मारावी लागते, मावशी कुरकुरते, पडद्यापलीकडे दुसऱ्या रोग्याची माणसे बसलेली असतात, आणि या सगळ्या विटंबनेपेक्षा तहान बरी असे तुला वाटते. आपल्या घरांतील असंख्य स्त्रिया रुग्णालयात जाऊन हेच करतात, आणि मग लघवीला जळजळ, मलावरोध, उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी, अशी एकातून एक प्रकरणे उपस्थित होतात. त्यात वेदनाशामक औषधे आधीच आतडी मंद करून ठेवतात. छबू, आयुष्यभर तू दुसऱ्याचे केलेस, सासऱ्यांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांची घाण काढलीस आणि कपाळाला आठी पडू दिली नाहीस. त्या वेळी ते तुझ्या दृष्टीने हीन झाले होते काय? मग आज तुझी सेवा करणाऱ्यांच्या दृष्टीने तू हीन होशील हे गृहीत कशावरून धरतेस? सेवा करण्यात जशी एक प्रतिष्ठा आहे तशी ती निःसंकोचपणे स्वीकारण्यातही आहे, आणि मला विचारशील तर दुसरी अधिक दुर्मिळ. मावशी कुरकुरते ती तिच्या पगारावर; तुझ्यावर नव्हे. तिला नावाने हाक मार, तिच्या मुलाबाळांची चौकशी कर, आणि पाणी भरपूर पी.

दुखणे सोसण्याबद्दलही असेच. आपल्याकडे बायकांच्या सोसण्याचे फार कौतुक होते, आणि त्या कौतुकापायी त्या गोळी उशीखाली लपवून ठेवतात. दुखले की गोळी घेऊ हा हिशेब चुकीचा आहे. व्यायामाच्या थोडे आधी वेदनेचे औषध पोटात गेलेले असावे, म्हणजे पाय हलतो, आणि पाय हलला म्हणजे वेदना आपोआप उतरणीला लागते. जी बाई निमूटपणे सोसते ती पाय आखडून पडते, आणि तिचे सोसणे तिच्याच मुळावर येते.

गुरुवारांचे काय करायचे, असे तू मामीला विचारलेस म्हणे. महालक्ष्मीचा घट सूनबाईने मांडावा, कहाणी तिने वाचावी, तू खाटेवरून ऐकावीस. परंतु उपास मात्र या वर्षी सर्वस्वी बंद. कापलेले स्नायू आणि त्वचा सांधायला शरीराला प्रथिने लागतात, आणि साबुदाण्यात ती नावालाच. वरण, मूग, दूध, ताक, अंडे चालत असेल तर अंडे, हे तुझे सध्याचे व्रत समज. ज्या देवीला तू इतकी वर्षे भजतेस ती एवढी हिशेबी नसावी.

चालण्याकडे वळतो, कारण खरी मसलत तेथे आहे. तुझी चाल आम्ही लहानपणापासून ओळखतो. वाड्याच्या दिंडीतून तू आलीस की मान वर न करता कळायचे. शाळेत पोरी काय म्हणत तेही मला ठाऊक आहे, तू सांगितले नाहीस तरी. १८९५ साली ट्रेंडलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने जन्मतः निखळलेल्या खुब्याच्या रुग्णांची हीच झुलती चाल न्याहाळून दाखवून दिले, की तिचे मूळ ढुंगणाच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंच्या दुबळेपणात आहे. एका पायावर उभे राहताना त्या बाजूच्या स्नायूंनी कमरेचे हाड तोलून धरायचे असते. ते दुबळे असले की दुसरी बाजू खाली कलते, आणि माणूस धड एका अंगाला झुकवून पडणे टाळतो. सांधा नवा मिळाला, पण हे स्नायू जुनेच आहेत, आणि इतक्या वर्षांची त्यांची वहिवाट एका दुपारी मोडत नाही. म्हणून पहिले काही आठवडे तुला वाटेल, की डावा पाय लांब झाला आहे, जमीन वाकडी आहे, डॉक्टरांनी माप चुकवले आहे. घाबरून कोणाशी भांडू नकोस. आखडलेले स्नायू सैल झाल्यावर आणि कंबर समतोल धरू लागल्यावर हा भास बव्हंशी ओसरतो. उरलाच तर चपलेत पातळ पट्टी घालून भागते, आणि ते ठरवण्याची वेळ अजून आलेली नाही.

वॉकरचा क्रम असा पाठ कर: आधी वॉकर, मग डावा पाय, मग उजवा. खाटेवरून एकदम उठायचे नाही. पाय खाली सोडून थोडे बसायचे, डोके स्थिर झाल्यावर उभे राहायचे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पुढे वॉकर सुटून काठी येईल, तेव्हा सारा गाव तुला सांगेल की काठी दुखऱ्या बाजूला धर, आणि सारा गाव चुकत असेल. डाव्या पायावर भार आला की शरीराचे वजन त्या खुब्याच्या आतल्या अंगाला, लांबवर पडते. त्याला तोलणारे स्नायू मात्र बाहेरच्या अंगाला, अगदी जवळून ओढतात. ज्या तराजूची एक दांडी आखूड, तिच्या पारड्यात वजन जास्त घालावे लागते. तसे या स्नायूंना मोठ्या जोराने ओढावे लागते, आणि वजन अधिक ओढ मिळून खुब्याच्या गोळ्यावर शरीराच्या सुमारे अडीच ते तीनपट भार येतो. काठी उजव्या हातात असली तर ती खुब्यापासून दूर टेकते, आणि म्हणून तिच्यावरचा किंचित दाबही या ओझ्यातला मोठा हिस्सा उचलतो. वॉल्टर ब्लाउंट या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने १९५६ साली काठी फेकून देऊ नका असे बजावणारा एक निबंध लिहिला, त्याचे मर्म हेच. काठीची लाज वाटणारांनी तो वाचावा.

चालून चालून नवा सांधा झिजेल, या भीतीने अर्धे रोगी घरात बसून राहतात. तो झिजू नये म्हणून एका मनुष्याने काय केले, ते ऐकण्यासारखे आहे. पॅरिसच्या ज्यूदे बंधूंनी काढलेला अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसवलेला एक रोगी इंग्लंडात जॉन चार्न्ली या अस्थिशल्यविशारदाकडे आला. त्याचा खुबा हालचालीबरोबर असा किंचाळे, की त्याची पत्नी कंटाळून खोलीतून उठून जाई म्हणतात. दुसऱ्या कोणी ती गोष्ट हसण्यावारी नेली असती. चार्न्लीने तीवरून घर्षणाचा अभ्यास आरंभला, आणि लँकशरमधल्या राइटिंग्टन येथे, पूर्वी क्षयरोग्यांसाठी असलेल्या रुग्णालयात, धातूच्या बारीक गोळ्यासाठी टेफ्लॉनची वाटी बनवली. ती सुमारे ३०० रोग्यांना बसली, आणि दोन-तीन वर्षांत झिजून निकामी झाली. पुढे कापडगिरण्यांच्या मागांसाठी प्लॅस्टिकची दातेरी चक्रे विकणारा एक विक्रेता नव्या पॉलिइथिलीनचा तुकडा घेऊन आला. चार्न्लीने तो नखाने दाबून नापसंत केला, पण त्याच्या कारागिराने तो चिकाटीने झिजवून पाहिला, तर झीज नगण्य. १९६२ च्या नोव्हेंबरात या पदार्थाची पहिली वाटी बसली. शरीर त्याला कसे वागवते हे पाहण्यासाठी चार्न्लीने त्याचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून घेतले होते. आणि आपल्या रोग्यांकडून मृत्यूनंतर सांधे तपासणीसाठी परत देण्याची कबुलीही तो मिळवी. सरकारी डेडस्टॉकची नोंद ठेवण्यात ज्याचे केस पिकले त्या मला ही शेवटची गोष्ट विशेष भावली. तात्पर्य इतकेच घे, की तुझ्या खुब्यातली वाटी ज्या कुळातली आहे, ते कूळ चालण्याच्याच कामासाठी जन्माला आले. चालण्याने तिचा अपमान होत नाही.

मनाई आहे ती निराळ्या गोष्टींना, आणि त्या बाबतीत शौर्य नको. तुझा खुबा मागच्या बाजूने उघडला आहे, तेव्हा ते आवरण भरून येईपर्यंत, डॉक्टर देतील त्या मुदतीपर्यंत, कमरेत काटकोनापेक्षा अधिक वाकायचे नाही, पाय पायावर टाकायचा नाही, आणि पाऊल आत वळवून गिरकी घ्यायची नाही. या तिन्हींनी गोळा मागे सरकून वाटीतून निसटू शकतो. झोपताना मांड्यांमध्ये उशी ठेवतात ती याचसाठी, ती रात्री काढून टाकू नकोस. हे नियम ज्यांनी लिहिले ते खुर्चीवर बसणारे लोक होते. आपल्या घरात त्यांचा अर्थ फार दूरवर पोचतो. पाट गेला, मांडी गेली, उकिडवे बसून भाजी निवडणे गेले, विळी गेली, जुन्या पद्धतीचा संडास गेला, खाली पडलेली वाटी उचलणे गेले. यातले काही मुदतीनंतर परत येईल, काही बहुधा येणार नाही. कोणते, ते तुझ्या सर्जनना विचार, शेजारणीला नको. तू भुईवर वाढलेली मुलगी आहेस, आणि भुई सुटण्याचे दुःख मी थट्टेवारी नेत नाही. माझाही खुबा मोडला होता, तेव्हापासून मी पंगतीत बसलेलो नाही. खुर्चीवर बसून जेवताना आरंभी उपऱ्यासारखे वाटे, आता वाटत नाही.

म्हणून डिस्चार्जच्या आधी घराची रुजुवात करून घे. खाट अशी हवी, की काठावर बसल्यावर गुडघे कमरेच्या वर येऊ नयेत. खुर्चीला हात हवेत आणि ती खोल नको. कमोडवर उंचीची बैठक. न्हाणीघरात स्टूल आणि भिंतीला पकडायची दांडी. जमिनीवरची सतरंजी, पायपुसणी आणि मोबाईलची लोंबती वायर, सगळी जप्त. भेटायला येणारांना वेळ नेमून दे, आणि त्यांनी तुझ्या खाटेवर बसू नये असे जावईबापूंनी दाराशीच सांगावे, कारण तुझ्या तोंडून ते निघणार नाही.

मी पुढल्या आठवड्यात येतो. मला पाहताच वाकून नमस्कार करायला जाशील, तर तसाच परत फिरेन. हात जोडलेस तरी आशीर्वाद पुरता पोचतो. तुझ्यासाठी येथल्या सुताराकडून काठी करवून घेणार आहे, तळाला रबरी बूच असलेली. चप्पल घालून सरळ उभी राहा, हात सैल सोड, आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे माप फिजिओथेरपिस्टकडून घेऊन जावईबापूंना इंचांत कळवायला सांग. अंदाजाने सांगू नकोस. अर्ध्या इंचाने खांदा दुखतो.

कळावे. लोभ आहेच, वृद्धी व्हावी.

तुझा,
मामा